पेरणारा कसा रेखाटावा?

प्रभू येशूच्या दृष्टान्तांचे एक सचित्र पुस्तक मुलांसाठी काढावे, असा विचार हिंजवडी परिसरातील काही पालकांनी मांडला, तेव्हा मजकुराविषयी फारसा मतभेद झाला नाही. वाद झाला तो चित्रांवरून. ‘पेरणाऱ्या’च्या दृष्टान्ताची तीन नमुनाचित्रे पुढे आली. त्यांचा येथे विचार करू.

पहिले चित्र ग्युस्ताव्ह दोरे याच्या वळणाचे आहे. १८६६ च्या बायबलमधील दोरेचा छायाप्रकाश भव्य खरा. पण ती भव्यता बालकाला दिपवते, जवळ बोलावीत नाही. देवाचे राज्य म्हणजे परमुलूख, असाच त्याचा समज व्हायचा.

दुसरे वारली शैलीत आहे. जिव्या सोमा मशे यांनी जगापुढे नेलेली ही कला समूहजीवन उत्तम सांगते. येथे मात्र ती उसना अंगरखा ठरली आहे. वाट, खडक, काटेरी झुडपे आणि सुपीक जमीन या चित्रात एकसारखीच दिसतात, आणि दृष्टान्ताचा सारा भार तर जमिनीच्या या भेदावरच आहे.

तिसऱ्यात मुळशीतील भातखाचर आहे. गुडघाभर चिखलात आवणी चालली आहे. तिन्हींत हेच मला अधिक भावले. पण त्यात एक चूक आहे. आवणीत रोप हाताने खोचले जाते, ते वाटेवर सांडत नाही. बी विखरून फेकले जाते ते त्याआधी, राबावर. चित्रकाराने राब काढला असता तर शिवारही आपले राहिले असते आणि दृष्टान्तही अबाधित राहिला असता.

यावरून आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांचे स्मरण होते. शांतिनिकेतनात शिकलेल्या या गोमंतकीय चित्रकाराने पुण्यातील ख्रिस्ती आश्रमात राहून पवित्र मरियेला साडी नेसवली. अनेक स्वधर्मीयांना ते रुचले नाही. परंतु त्यांचे देशीपण केवळ साडीत नव्हते. बसण्याची ढब, झुकलेली मान, संयत रंग यांतही ते होते. तरीही फोन्सेकांची ध्यानस्थ शांतता मुलांच्या पुस्तकाला एकटी पुरणार नाही. मुलांना हालचाल हवी, कोपऱ्यातली चिमणी हवी. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मध्ये घरातली साधी माणसे ज्या बारकाईने पाहिलेली दिसतात, ती नजर येथे हवी.

म्हणजे शैली आधी निवडून मजकुरावर चढवायची नसते. मजकूर आणि भोवताल नीट पाहिल्यावर ती हाती लागते. प्रभूनेही आपले दृष्टान्त श्रोत्यांच्या डोळ्यांसमोरच्या शेतातूनच उचलले होते.

हिंजवडीत आज संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत; अनेक मुलांनी पेरणी पाहिलेलीही नाही. म्हणून पालकांना एकच सुचवतो: चित्रकार ठरवण्यापूर्वी नमुनाचित्र मजकुराशिवाय मुलांपुढे ठेवा आणि विचारा, “बी कुठे कुठे पडले?” चारही जागा ज्या चित्रात मूल बोट ठेवून दाखवील, ते चित्र आपले.