बाजार, शासन आणि गावाचे पाणी : ख्रिस्ती अर्थविचाराची एक समीक्षा

प्रस्तावना :
१९९१ हे वर्ष भारतात नव्या आर्थिक धोरणाचे वर्ष म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी १ मे रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांचे ‘सेंतेसिमुस आन्नुस’ हे धर्मपत्र निघाले. साधनसंपत्तीचा वापर आणि गरजांची पूर्तता यांसाठी मुक्त बाजार हे कार्यक्षम साधन आहे, हे त्यात मान्य केले आहे. मात्र ज्याच्याजवळ क्रयशक्ती नाही त्याच्या गरजेला बाजारात स्थान मिळत नाही, ही मर्यादाही तेथेच सांगितली आहे. मायकेल नोव्हाक यांच्यासारख्या अमेरिकन भाष्यकारांनी पहिल्या विधानावर भर दिला, तर शासकीय हस्तक्षेपाचा पुरस्कार करणाऱ्यांनी दुसऱ्यावर. हा वाद बहुधा ग्रंथांच्या आधारेच चालतो. प्रस्तुत लेखात तो अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाणलोट क्षेत्र विकासाच्या अनुभवावर तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

वैचारिक पार्श्वभूमी :
कॅथॉलिक समाजविचाराची आधुनिक परंपरा १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’पासून मानली जाते. तेराव्या लिओ यांनी त्यात खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केला आणि कामगारांच्या न्याय्य वेतनाचा व संघटनेचा हक्कही मांडला. १९३१ च्या ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ने त्यास पूरकतेच्या तत्त्वाची जोड दिली. लहान समूहाला जे कार्य करता येते ते मोठ्या संस्थेने किंवा शासनाने आपल्याकडे ओढून घेऊ नये, लहान समूहाला साहाय्य करावे, असा या तत्त्वाचा आशय आहे. त्याच्या जोडीला सृष्टीतील वस्तू मुळात सर्वांसाठी आहेत, हा जुना सिद्धांत आहेच. पहिले तत्त्व शासनाला मर्यादा घालते, तर दुसरे मालकीला. ही दोन्ही तत्त्वे एकाच वेळी पाळता येतात का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

जिल्ह्यातील अनुभव :
जिल्ह्यात ख्रिस्ती संस्थांचे कार्य जुने आहे. १८३१ पासून येथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने दुष्काळग्रस्तांसाठी औद्योगिक शिक्षणाचा मार्ग स्वीकारला. डी. सी. चर्चिल यांनी सुधारित हातमाग तयार केला, तोही याच परंपरेत. कौशल्य द्यावे आणि माणसाने बाजारात स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही त्यामागील दृष्टी होती.

मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर (निधन २०२१) यांनी वेगळी दिशा घेतली. अहमदनगर येथील सोशल सेंटरच्या कामातून त्यांना उमगले, की अवर्षणप्रवण गावाची मूळ अडचण पाण्याची आहे आणि पाणी एकट्या शेतकऱ्याला अडवता येत नाही. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह स्थापन केलेली ‘वॉटर’ ही संस्था यांतून माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या उपचारांची पद्धत रूढ झाली. निधी जर्मन शासनाचा, व्यवस्थापन नाबार्डचे आणि निर्णय गावच्या पाणलोट समितीचा, अशी ही रचना होती. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान या अटी गावाने स्वतः स्वीकारावयाच्या होत्या. हे कार्य धर्मप्रसाराचे नव्हते; तरीही पूरकतेच्या तत्त्वाचे इतके नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचा अनुभव बोलका आहे. जागतिक संसाधन संस्थेच्या २००५ च्या अहवालानुसार तेथे १९९६ ते २००१ या काळात भूजलाची पातळी ६.५ मीटरवरून ३.१ मीटरपर्यंत वर आली. शेतीतील रोजगार वर्षातील तीन-चार महिन्यांवरून नऊ-दहा महिन्यांवर गेला. विहिरींची संख्या मात्र २३ वरून ६३ झाली.

समीक्षा :
हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. डोंगरावरील समतल चर सर्वांच्या श्रमातून खोदले गेले, पण मुरलेले पाणी ज्याच्या जमिनीखाली गेले त्याचे झाले. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमाने जमीनमालकाला त्याच्या जमिनीखालील पाणी उपसण्याची जी मुभा दिली आहे, तिच्यामुळे सामूहिक श्रमाचे फळ खाजगी होते. कार्यक्रमाने भूमिहीनांना श्रमदानातून सूट दिली, हे न्याय्यच होते. परंतु ओझ्यातून सूट म्हणजे लाभात वाटा नव्हे. त्यांच्या वाट्याला मजुरी आली आणि शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्यांच्या वाट्याला चराईबंदी.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. पूरकतेचे तत्त्व गावाला एकजिनसी समूह मानून चालते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाच्या याच आदर्शीकरणावर कठोर टीका केली होती. जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग महार व मांग समाजांतून आलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्यांना अनुसूचित जातींचा दर्जा नाही. त्यामुळे जातीतून आलेली भूमिहीनता ना बाजार दूर करतो, ना ग्रामसमिती, आणि शासनही तिची पुरती दखल घेत नाही. युरोपात घडलेल्या ख्रिस्ती अर्थविचाराजवळ जातीचे विवेचन नाही, ही त्याची येथील खरी उणीव होय.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ने खोल विहिरींच्या नियमनाची तरतूद केली. पण तिचा भर उपशाच्या नियंत्रणावर आहे, वाटपावर नाही. वाटपाचा विचार पुणे जिल्ह्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने केला होता. तेथे पाण्याचा हक्क जमिनीवर न ठरता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि ऊस वर्ज्य झाला. वस्तू सर्वांसाठी आहेत हा सिद्धांत कोणत्याही धर्मपत्राच्या आधाराशिवाय येथे व्यवहारात उतरला.

निष्कर्ष :
जिल्ह्याच्या अनुभवावरून मुक्त बाजाराचे किंवा सर्वव्यापी शासनाचे समर्थन ख्रिस्ती विचारात शोधणे अपुरे ठरते. पाणी निर्माण करण्यासाठी संघटित गाव पुरेसे आहे. त्याचे न्याय्य वाटप करण्यासाठी कायदा लागतो आणि कायदा करणे हे शासनाचेच कार्य आहे. पूरकतेचे तत्त्व शासनाला या जबाबदारीतून मोकळे करीत नाही. लेवीय पुस्तकात शेताच्या कडेचे पीक गरिबासाठी सोडण्याची आज्ञा आहे आणि ती मालकाच्या मर्जीवर सोपविलेली नाही. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्या नावावर पाणी लिहिले जाते का, याच कसोटीवर पुढील पाणलोट धोरण तपासले जावे.