भूगर्भाचें ‘छायाचित्र’ : एका शब्दाची चिकित्सा

एक भूपट्ट दुसऱ्याखालीं सरकत गेला, आणि तो सांधा कोट्यवधि वर्षें खंडाखालीं गाडला गेला. अशा प्राचीन निमज्जनाचा शोध लावणाऱ्या विद्येविषयीं मराठींत जें लिहिलें जातें, त्यांत ‘भूगर्भाचें छायाचित्र’ हा शब्दप्रयोग आम्हांस खटकतो. छायाचित्रांतील वस्तु कॅमेऱ्यापुढें प्रत्यक्ष असावी लागते. येथें जमिनींत स्फोट करावयाचा, त्याच्या लहरी खालच्या थरांवरून परतण्यास किती सेकंद लागले तें मोजावयाचें, आणि खडकांतील वेग गृहीत धरून त्या सेकंदांचे किलोमीटर करावयाचे. वेगाचा अंदाज चुकला कीं रेषेचें स्थान व कल दोन्ही बदलतात. आमच्या व्यवसायाच्या भाषेंत बोलावयाचें तर हें त्रुटित संहितेवरील भाष्य होय; आणि भाष्यकारांत मतभेद असावयाचेच!

विद्येची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. बाल्टिक प्रदेशांतील बॅबेल प्रकल्पानें 1990 सालीं, आणि कॅनडांतील लिथोप्रोबनें 1995 सालीं, कवचाखालच्या प्रावरणांत उतरलेल्या तिरप्या परावर्तनरेषा प्रसिद्ध केल्या. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनें मुंगवानी ते राजनांदगांव या मार्गावर असेंच मापन केलें. बुंदेलखंड व बस्तर हे दोन पुरातन भूखंड मध्य भारतांत सांधले गेले, हें बहुतेकांस मान्य आहे. परंतु कोण कोणाखालीं गेला? कांहीं पंडित उत्तरेकडील भूपट्ट दक्षिणेखालीं घालतात, कांहीं नेमकें उलट सांगतात. छायाचित्रावरून असा वाद होता काय?

पालघरच्या वाचकास या शब्दाची किंमत द्यावी लागते. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी भागांत धक्क्यांची मालिका सुरू झाली. भयानें माणसें घराबाहेर निजलीं. दक्षिणेस बोईसर-तारापूरचे कारखाने, आणि तारापूरला 1969 पासूनचें अणुवीजकेंद्र. अशा माणसापुढें ‘पायाखालील पुरातन भेगेचें छायाचित्र’ ठेवणें म्हणजे तर्कास पुराव्याचें वस्त्र चढविणें होय. तेथील काळा पाषाण सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हाचा. त्याचे थर लहरी विखुरतात, त्यामुळें खालचें सारें अंधुक होतें. शिवाय हे धक्के उथळ आहेत. जुना सांधा दुर्बल राहून पुन्हां हलूं शकतो, हें खरें. पण तो येथें आहे व तोच हलला, हें वेगळ्या पुराव्यानें ठरावयाचें.

आम्ही ‘परावर्तन-आलेख’ हा शब्द सुचवितों. तो रुक्ष आहे, हें मान्य. मात्र संपादकांनीं असा आलेख छापतांना मोजलेले सेकंद एका बाजूस व अनुमानलेले किलोमीटर दुसऱ्या बाजूस अवश्य द्यावे.