भुईआवळी : एका नावाखाली तीन रोपे

पहिला पाऊस होऊन पंधरा-वीस दिवस झाले की बोईसर स्थानकाच्या कुंपणापासून तारापूरच्या वाडीपर्यंत सगळीकडे भुईआवळी उगवते. कावीळ झाली की आमच्याकडे प्रथम हिचीच आठवण होते. रोप ओळखून घ्यायला लोक माझ्याकडे येत आणि मी ‘हो, हीच’ म्हणत असे. मी वनस्पतिशास्त्र शिकलो ते पुस्तके आणि भिंग यांच्या आधारे. त्यामुळे पुस्तकांची चूक ती माझीही चूक झाली.

माझ्या नमुन्यांवर वर्षानुवर्षे ‘फायलँथस निरुरी’ हेच नाव होते. हुकरच्या ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त ते आहे, कुकच्या मुंबई इलाख्यावरील ग्रंथातही (१९०१-०८) आहे. मराठी वनौषधी पुस्तकांनी ते तिथून उचलले आणि अजून सोडलेले नाही. वास्तविक १९५७ साली ग्रेडी वेबस्टर यांनी खरी निरुरी अमेरिका खंडातली असल्याचे दाखवून दिले. १९८५ साली मित्रा आणि जैन यांनी भारतीय ग्रंथांतली ‘निरुरी’ म्हणजे अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस अशा तीन जाती असल्याचे मांडले.

फरक सूक्ष्म आहे, पण गूढ नाही. अमारसला निदले पाच, आणि एकाच पानाच्या बगलेत नरफूल व मादीफूल शेजारी शेजारी. फ्रॅटर्नसला निदले सहा, नरफुले आणि मादीफुले वेगवेगळ्या बगलांत. डेबिलिसलाही सहाच, पण तिचे पान दोन्ही टोकांकडे निमुळते. चौथी, युरिनारिया, या घोळात फारशी नव्हती : तिचे फळ खरबरीत, जवळजवळ बिनदेठाचे, आणि बियांवर आडव्या रेघा.

ही सारी फुले डहाळीच्या खालच्या बाजूला असतात. आपल्या पुस्तकांतली छायाचित्रे मात्र वरून घेतलेली, आणि वर्णन ‘पाने आवळ्यासारखी’ एवढ्यावर संपलेले. डहाळी उलटी करून पाहा, हे एक वाक्य त्यांत सापडत नाही. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

हा प्रश्न केवळ नावापुरता नाही. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासच्या संशोधकांनी अमारस दिलेल्या ३७ हिपॅटायटिस-बी वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे प्रसिद्ध केले. नंतर इतरत्र झालेल्या चाचण्यांत तसे यश आले नाही. कारणे अनेक असू शकतील. पण रोप कोणते होते, हा पहिला प्रश्न आहे. शिवाय कावीळ हे लक्षण आहे, तिच्यामागे रोग निरनिराळे. आता कुणी विचारायला आले की मी आधी रक्त तपासून घ्यायला सांगतो.

लोकांनी तिघींना एकच नाव दिले, त्यात त्यांचा दोष नाही. ‘भुईआवळी’ हे नाव अमुक एक जात दाखवल्याचा दावाच करत नाही. लॅटिन नाव तो दावा करते, म्हणून ते पाहून लिहावे लागते.

गेल्या श्रावणात जुने नमुने पाण्यात भिजवून भिंगाखाली घेतले. बहुतेकांची नावे बदलली. सात नमुने फूल-फळ येण्याआधीच उपटलेले निघाले. ते कोणत्या जातीचे, हे मला ठरवता आले नाही. त्यांच्यावरचे ‘निरुरी’ खोडले आणि नुसते ‘भुईआवळी’ राहू दिले.