काचेच्या पोटातले ओपल

यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या परिसरात चुनखडी निघते, डोलोमाइट निघतो, जवळच कोळशाच्या खाणी आहेत. वाळू आणि सोडा ॲश आणली की साध्या काचेची जुळवाजुळव इथेच होऊ शकेल. प्रत्यक्षात ही चुनखडी सिमेंटकडे जाते. बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा कारखाना इथे २०२२ साली सुरू झाला. माल हाताशी आणि कला दूर, ही स्थिती मुकुटबनपुरतीच नाही. काचेच्या गोळ्यात कृत्रिम ओपल आणि खडे बसवण्याच्या कलेत अख्खा महाराष्ट्रच अजून उंबरठ्यावर उभा आहे.

अमेरिकेत टॉर्चच्या ज्योतीवर बोरोसिलिकेट काच वळवणाऱ्यांनी ही कला रुळवली. जपानमध्ये नागोयाचे सातोशी तोमिझू लहानशा गोळ्यात सोन्याचा वर्ख, रंगीत काच आणि ओपल घालून आकाशगंगा उभी करतात. त्यात ओपल ग्रह होऊन बसते, म्हणजे रचनेत त्याला काम असते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, कारण बाजारातल्या बहुतेक लोलकांत ते नुसते चिकटवल्यासारखे दिसते.

खाणीतले ओपल का चालत नाही? त्याच्या अंगात पाणी असते, साधारण तीन ते दहा टक्के. ज्योतीत धरले की ते तडकते. दख्खनच्या काळ्या पाषाणातली देखणी खनिजेही इथेच नापास होतात. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना हवे असते, पण त्यातही पाणी आहेच. त्याच पाषाणातले झिओलाइट तर तापवल्यावर उकळल्यासारखे फसफसतात.

ओपलचे रंग येतात ते सिलिकाच्या अतिसूक्ष्म, सारख्या आकाराच्या गोलांच्या शिस्तशीर रांगांतून. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९६४ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दाखवले आणि दहा वर्षांनी, १९७४ च्या सुमारास, पिअर जिल्सन यांचे कृत्रिम ओपल बाजारात आले. कोरडे, निव्वळ सिलिकाचे असे ओपल ज्योत सोसते. रेझिन भरलेले मात्र जळते, आणि स्वस्तात मिळणारा बराच माल रेझिनचाच असतो. कारागिराची पहिली फसगत इथेच होते. चांगल्या ओपललाही जास्त तापवले तर गोल एकमेकांना चिकटतात, रंग जातो आणि उरतो पांढुरका ठिपका. मागे काळी किंवा गडद निळी काच दिली तर रंग उठतात, आणि वरचा पारदर्शक घुमट भिंगासारखा ते मोठे करून दाखवतो.

खड्यांचे गणित वेगळे आहे. पैलू चमकतात ते खडा आणि हवा यांच्या वक्रीभवनांकातल्या फरकामुळे. खडा काचेत बुडवला की तो फरकच आटतो. स्फटिक तर काचेत जवळजवळ दिसेनासा होतो. कृत्रिम माणिक आणि नीलम यांचा रंग टिकतो, झगमगाट मंदावतो. आपल्याकडे ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून विकली जाणारी क्युबिक झिर्कोनिया त्यातल्या त्यात तग धरते, कारण तिचा वक्रीभवनांक २.१ च्या वर आहे. तापल्यावर ती मऊ, म्हणजे साध्या काचेइतकीच प्रसरण पावते, बोरोसिलिकेटपेक्षा मात्र जवळजवळ तिप्पट. त्या काचेत मोठा खडा बसवणे म्हणजे तडा ओढवून घेणे. ओपलला पैलूंची गरजच नाही, त्याचा रंग आतून येतो. म्हणून काचेत खडा बहुधा हरतो आणि ओपल जिंकते.

काचेच्या आत काही जपण्याची हौस भारताला नवी नाही. सोन्याचा वर्ख दोन थरांत धरलेले काचमणी प्राचीन स्थळांवर सापडले आहेत, आणि भारतीय काचेचा इतिहास १९६९ साली ग्रंथरूपाने मांडला तो डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी. नागपूरजवळचे माहुरझरी अकीक आणि इतर खड्यांच्या मण्यांसाठी पुरातत्त्वज्ञांना परिचित आहे. पुढे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना आला, ओगलेवाडीचे कंदील घरोघर गेले. पण ती कारखानदारी होती. एकट्याने टेबलावर बसून काचेशी खेळण्याची परंपरा तिच्यातून निघाली नाही.

आज बोरोसिलिकेट काच ज्योतीवर सराईतपणे वळवणारे हात महाराष्ट्रात आहेत, पण ते प्रयोगशाळांत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांत असे कारागीर शास्त्रज्ञांसाठी उपकरणे घडवतात. मणी, लोलक करणारे हौशी कारागीर दुसरीकडे, रत्नव्यापारी तिसरीकडे. व्यापारी ओपल विकतो ते शुक्राचे उपरत्न म्हणून, अंगठीसाठी. त्याच्या गल्ल्याशी काचकलेचा संबंध येत नाही. परिणामी इथे जे होते ते बहुतेक परदेशी नमुन्यांची नक्कल: तोच घुमट, तीच काळी पाठ, मधोमध तोच हिरवा-निळा ठिपका.

मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात मातकाम आणि धातुकाम शिकवले जाते. त्याच्या जोडीला टॉर्चचे एक टेबल आणि काच हळूहळू थंड करणारी एक भट्टी मांडावी, आणि शिकवायला प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या काचकारागिराला बोलवावे. तोवर ग्राहकांनी एवढे करावे: लोलक घेताना आतले ओपल कृत्रिम आहे का, हे विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.