लाओडिकी : एका नावाचा प्रवास

ग्रीकमध्ये ‘लाओस’ म्हणजे लोक आणि ‘डिकी’ म्हणजे न्याय. या दोहोंतून ‘लाओडिकी’ हे स्त्रीनाम घडले. ‘इलियड’मध्येच या नावाच्या दोघी भेटतात. एक ट्रॉयच्या प्रायमची रूपवती कन्या. आयरिस देवी हिचेच रूप घेऊन हेलनकडे येते. दुसरी शत्रुपक्षातल्या ॲगमेम्नॉनची. रुसलेल्या अकिलीसचे मन वळवण्यासाठी बाप तीन मुलींपैकी हवी ती देऊ करतो, सोबत सात नगरे आंदण. त्या तिघींत ही एक. तिला काय वाटले, हे महाकाव्य विचारत नाही.

पुढे नगरेच लाओडिकीच्या नावाने वसू लागली. चंद्रगुप्त मौर्याशी तह करणाऱ्या सेल्युकसने आईच्या नावाने पाच नगरे वसवली, असे ॲपियन हा इतिहासकार सांगतो. सीरियातले आजचे लाताकिया त्यांतलेच. त्याचा नातू दुसरा अँटिओकस याने आजच्या तुर्कस्तानात पत्नी लाओडिकीचे नाव एका नगराला दिले आणि पुढे तिलाच दूर सारून इजिप्तची राजकन्या बेरेनिकी हिच्याशी लग्न केले. बायको टाकली, पाटी राहिली! बायबलच्या अखेरच्या ग्रंथात याच नगरातल्या मंडळीला ‘ना थंड, ना उष्ण’ असा बोल लागला आणि ‘लोकांचा न्याय’ या अर्थाचे नाव इंग्रजीत कोमटपणाचे विशेषण झाले. 1771मध्ये पालास या निसर्गशास्त्रज्ञाने हेच नाव काळ्या ठिपक्यांच्या एका केशरी फुलपाखराला दिले. प्रजातीच्या नावाला वेगळेपण पुरते. चरित्र लागत नाही.

हा प्रवास गौरवाचा मानण्याची प्रथा आहे. मला ते पटत नाही. मुलगा, नवरा, शास्त्रज्ञ, प्रत्येक वेळी नाव देणारा दुसराच. बाई केवळ शब्द पुरवते.

अपवाद एका शिलालेखाचा. इ. स. पू. 196च्या सुमारास तिसऱ्या अँटिओकसची राणी लाओडिकी हिने संकटांनी खचलेल्या इआसोस नगराला पत्र लिहिले : दहा वर्षे दरसाल हजार मेदिम्नॉस गहू देईन, तो विकून गरीब नागरिकांच्या मुलींना प्रत्येकी तीनशे द्राख्मांपर्यंत हुंडा द्यावा. यात नवऱ्याचे राजकारण आहेच, हुंड्याची चौकटही शाबूत आहे. तरीही महाकाव्यात जी लाओडिकी स्वतःच देण्याची वस्तू होती, ती इथे देणारी झाली. नावाच्या अर्थाशी इमान राखणारा पुरावा शोधायचा, तर तो नगरांच्या यादीत नाही. या हजार मापे गव्हात आहे.