घोडं पेंड कुठं खातं?

आमच्या मेहुण्याला कलेची आवड आहे. ही आवड त्याला मुंबईला बदली झाल्यावर लागली. वाशिमात होता तोवर त्याला फक्त भज्यांची आवड होती. मागच्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब त्याच्याकडे गेलो, तेव्हा रविवारी सकाळी दाढी करता करता तो म्हणाला, "भाऊजी, आज तुम्हाला कलासंग्रहालयात नेतो. वेस्टर्नमधल्या घोड्यांवर कार्यक्रम आहे."

मुंबईत वेस्टर्न म्हणजे चर्चगेट ते विरार, एवढंच मला ठाऊक. ज्या डब्यात माणसाला दुसरा पाय टेकायला जागा मिळत नाही तिथं चार पायांचा घोडा चढला कसा, या विचारात मी पडलो. मग कळलं की वेस्टर्न म्हणजे अमेरिकेतल्या काऊबॉयचा सिनेमा. "प्रवेश फुकट आहे आणि शेवटी चहा आहे," मेहुणा म्हणाला. बी.कॉम. झालेल्या माणसाला याहून जास्त कारण लागत नाही.

हल्ली संग्रहालयात नुसत्या वस्तू ठेवून भागत नाही, माणसंही आणावी लागतात. म्हणून शनिवारी मुलांसाठी मातीकाम, रविवारी मोठ्यांसाठी व्याख्यान, असा बेत असतो. आमच्या बँकेच्या ठेव-सप्ताहासारखंच हे. फरक एवढाच की ठेव-सप्ताहाला लोक चहा घेऊन लगेच निघून जातात, इथं चहा शेवटी असल्यामुळे बसावं लागतं.

व्याख्याते विद्वान होते. अंधार झाला आणि पडद्यावर घोडे धावू लागले. सिनेमाचा जन्मच घोड्यामुळे झाला, असं त्यांनी सांगितलं, आणि ते मला पटलं. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज नावाच्या छायाचित्रकारानं ओळीनं कॅमेरे मांडले आणि त्यांच्यासमोरून घोडी दौडवली. धावताना एका क्षणी चारही पाय जमिनीवरून सुटतात की नाही, एवढाच प्रश्न होता. सुटतात. त्या घोडीचं नाव सॅली गार्डनर. म्हणजे सिनेमाची पहिली नायिका घोडी होती, आणि तिला नावही होतं. पुढं घोड्यांची संख्या वाढत गेली आणि नावं गळत गेली.

मग १९३९ चा 'स्टेजकोच' आला. माळरान, धूळ, उधळलेले सहा घोडे. व्याख्याते घोड्याच्या रेषेवर बोलले, सावलीवर बोलले, क्षितिजाशी असलेल्या त्याच्या नात्यावर तर पंधरा मिनिटं बोलले. मध्येच एक वाक्य त्यांनी घाईघाईनं उरकलं. आमच्या बँकेत बुडीत कर्जाचा आकडा सभेत वाचतात ना, तसं. ते वाक्य असं, की त्या काळी घोडा पडताना दाखवायचा तर त्याच्या पुढच्या पायांना बारीक तार बांधत, तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरत आणि घोड्याला भरधाव सोडत. तार संपली की घोडा तोंडावर कोसळे. १९३६ च्या 'द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'मध्ये असे किती तरी घोडे पाडले, त्यांतले काही मेले. १९३९ च्या 'जेसी जेम्स'मध्ये घोड्याला कड्यावरून खाली पाण्यात लोटलं. स्वार वाचला, घोडा मेला. त्यावरून ओरड झाली आणि १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन या संस्थेची माणसं तिथल्या शूटिंगवर लक्ष ठेवायला लागली.

एवढं सांगून व्याख्याते पुन्हा क्षितिजाकडे वळले. मी मात्र त्या तारेतच अडकलो. कारण लहानपणी जत्रेतल्या तंबूत, पडद्यावर घोडा कोसळला की सगळ्यात मोठी शिट्टी माझी असायची. नुसती शिट्टी नाही, दोन बोटांची.

चहा झाला. बिस्किटंही होती. तरी मन लागेना.

वाशिमला परतल्यावर हा सगळा वृत्तांत मी काउंटरवर टांगेवाल्या बाबांना सांगितला. बाबांचा टांगा जाऊन जमाना झाला. वाशिमची रेल्वे मीटरगेज होती तेव्हा ते स्टेशनाबाहेर उभे असत. आता दर महिन्याला श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला येतात, आणि पैसे मिळाले तरी हलत नाहीत. मागची रांग खोकते. पण बाबांना घोड्याविषयी कोणी काही सांगितलं की ते कानाला हात लावून ऐकतात.

सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "साहेब, त्या शिनेमात घोळ्याले चंदी कोन टाकते?"

मी निरुत्तर. तासाभराच्या व्याख्यानात रेषा होती, सावली होती, चंदी नव्हती. मग आठवायला लागलो. काऊबॉय गावात येतो, घोडा दारूच्या गुत्त्यासमोर बांधतो, आत जातो, पितो, पत्ते खेळतो, दोन माणसं मारतो, बाहेर येतो आणि त्याच घोड्यावर बसून निघतो. घोडा बिचारा उन्हात उभा. तोबरा नाही, खरारा नाही, नाल तपासणं नाही. आपण मराठी माणसं कुठलंही काम अडलं की 'घोडं पेंड कुठं खातं' ते शोधतो. सिनेमात शोधायला गेलो तर घोडं पेंड खातच नाही!

"'शोले' पाहिला असेल ना बाबा?"

"तीन खेपा पाह्यला. मले सांगा, त्या गब्बरपाशी एवळे घोळे. राहाते कुठी? खडकात. गवताची काडी नाही तिथी. मंग घोळे खाते काय?"

आणि मला एकदम उजेड पडला. 'शोले' येऊन पन्नास वर्षं झाली. १९७५ पासून त्याच्यावर पुस्तकं निघाली, पण हा मुद्दा कोणाच्या लक्षात आला नसावा. गब्बरची माणसं रामगढमध्ये पहिल्यांदा येतात ती सोनं मागायला नव्हे, धान्य मागायला! एवढ्या घोड्यांची चंदी चालू ठेवायची तर दुसरं काय करणार? कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर तो खेळत्या भांडवलाचा प्रश्न होता. वेळेवर चारा-कर्ज मिळालं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं माझं मत आहे. अर्थात जामीन कोण राहिलं असतं, हा प्रश्न उरतोच.

बाबांना त्या सिनेमात पसंत एकच. "थे पोरगी लय बोलते. पन घोळीसंगं बोलते. तिचं नाव घेते." खरंच की. जय-वीरूच्या घोड्यांची नावं कोणाला ठाऊक आहेत? धन्नो मात्र घराघरात ठाऊक. त्याच्याही आधी, १९३५ च्या 'हंटरवाली'पासून वाडिया मूव्हीटोननं नादियाला पुढं आणलं, तिच्या घोड्याला 'पंजाब का बेटा' असं नाव होतं. नाव दिलं की जनावर सामानातून माणसांत येतं. नाही तर आमच्या बँकेतल्या खुर्च्या-टेबलांसारखी त्याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात. जिवंत असला तरी!

आता सुधारणा झाली आहे, हेही लिहिलं पाहिजे. आपल्याकडे २००१ पासून नियम आहेत, जनावराला कॅमेऱ्यासमोर आणायचं तर परवानगी लागते. शिवाय आताचे ऐतिहासिक सिनेमे संगणकावर घोडे काढतात. हजार काढा, कड्यावरून ढकला, कोणाला खरचटत नाही. असा एक घोडा बाबांनी नातवाच्या मोबाइलवर पाहिला. म्हणाले, "घोळा बरा हाय. पन याले घाम येत नाही." घोडा मरत नाही ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त तो जगतोय असंही वाटत नाही.

मग मी त्यांना अजिंठ्याचं सांगितलं. आमच्या स्टाफची सहल तिथं गेली होती. आपलं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचं सतरावं लेणं झालं. म्हणजे तिथली चित्रं आपल्या राज्यातलीच म्हणायची. त्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट रंगवली आहे. जहाज फुटून व्यापारी राक्षसिणींच्या बेटावर अडकतात. (व्यापारी म्हटल्यावर मी सरसावून उभा राहिलो होतो.) त्यांना सोडवायला बलाह नावाचा उडता घोडा येतो. सोडवणारा तोच. त्याला नाव आहे, काम आहे, बोलणंही आहे. जातककथेत तर हा घोडा आधी त्या बेटावर आपोआप उगवलेला भात पोटभर खातो, आणि मग विचारतो, कोणाला घरी जायचंय?

बाबा काउंटरवर थाप मारून म्हणाले, "हे बराबर! आंधी चंदी, मंग सवारी. लिहिनारानं घोळा पाळला असन."

"त्याची एक अट होती बाबा. पाठीवर बसल्यावर मागं वळून पाहायचं नाही. ज्यांनी पाहिलं ते खाली पडले."

बाबा जरा गप्प झाले. रांगही खोकायची थांबली.

"ॲटो आले तवा मी घोळी इकली," ते म्हणाले. "बाजारात दोर दुसऱ्याच्या हाती देल्ला अन् निंगालो. मागं नाही पाह्यलं. तिनं पाह्यलं का नाही, मले मालूम नाही." आणि पासबुक पिशवीत घालून ते निघून गेले. त्या दिवशी माझी रोकड दोनदा मोजावी लागली.

आमच्या वऱ्हाडात बैलाला वर्षातून एक दिवस पोळा असतो. वर्षभर राबवतात, पण त्या दिवशी रंगवतात, ओवाळतात, पुरणपोळी खाऊ घालतात. सिनेमानं घोड्यासाठी निदान तेवढं करावं. शेवटी नावांची लांबलचक यादी येते, तीत चहावाल्याचंही नाव असतं. त्यात एक ओळ घोड्याची घालावी, आणि दुसरी त्याला चंदी घालणाऱ्याची.

परवा मेहुण्याचा फोन आला. पुढच्या कार्यक्रमाचा विषय चित्रकलेतला हत्ती आहे. मी विचारलं, "व्याख्यानाला माहूत येणार आहे का?"

तो म्हणाला, "नाही भाऊजी. पण या खेपेला चहाबरोबर भजी आहेत."

चला, त्याच्यात अजून वाशिम शिल्लक आहे.