खुशालीच्या ओळीमागे

पाचगणी म्हटले की मराठी वाचकाला हवापालट आठवतो. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी 'बेल-एअर' सुरू केले ते इथेच. दोन वर्षांनी महायुद्ध पेटले आणि याच सातारा जिल्ह्यातली माणसे पलटणींतून परदेशी गेली. एकट्या अपशिंगे गावचे ४६ जण त्यात कामी आले. घरापासून दूर दुखणे काढण्याची ही दोन रूपे. पहिल्याची भाषा आपल्या ओळखीची आहे; दुसऱ्याची आपण कधी ऐकलीच नाही.

डेव्हिड ओमिसी यांनी १९९९मध्ये संपादित केलेला भारतीय सैनिकांच्या पत्रांचा संग्रह मी या अंगाने वाचतो. ब्रायटनसारख्या ठिकाणच्या इस्पितळांतून लिहिलेली बरीच पत्रे त्यात आहेत. पंजाबी आवाज पुष्कळ, मराठी विरळा. पत्र अनेकदा दुसऱ्याच्या हातचे, सेन्सॉरने चाळलेले आणि त्याच्याच कचेरीत इंग्रजी झालेले. अभ्यासक त्यात माहिती शोधतात. मला त्यातली आडवळणे मोलाची वाटतात. गोऱ्या शिपायांना लाल मिरची आणि आपल्यांना काळी मिरी म्हणणारा सैनिक, कुठली मिरी संपत आली हे घरी कळवतो तेव्हा भरती होऊ नका, हेच सुचवत असतो.

'इकडील सर्व क्षेम' हा आपल्या पत्रांचा जुना रिवाज. इस्पितळाच्या खाटेवरून तीच ओळ आईपासून दुखणे लपवते. दुखण्याचे वर्णन नाही म्हणून अशा पत्रांना वाङ्मयाबाहेर ठेवणे मला मान्य नाही. सातारकडच्या ट्रंकांत ती उरली असतील, तर मूळ मराठीतच वाचायला हवीत.